त्रेचाळीस इंच पाच सूत

डिसेंबरातला दुसरा रविवार, सकाळचे सात वाजून दहा मिनिटं. जागा: दिग्रसपासून अडीच किलोमीटरवर नाल्याकाठचा पडीत तुकडा. पैज: एक पायली तूर, शीग लावून, म्हणजे मापावर डोंगर होईल इतकी. हजर माणसं चार: आमचे घरमालक काका, शेजारच्या शेताची मालकीण याडी, खरादवाला, म्हणजे लेथवाला, उस्ताद आणि मी.

मी पंच होतो. माझी लायकी एवढीच, की पंचायत समितीत हिशेबाच्या टेबलावर एकोणीस वर्षं काढल्यामुळे हा माणूस आकड्यात खोटं बोलणार नाही, असं लोकांना वाटतं. ते खरं आहे. पण आकडा खोटा नसूनही चुकीचा असू शकतो, हे मला त्या रविवारच्या चार दिवस आधी कळलं होतं. ती चूक त्या सकाळी काकांच्या हातात होती. काळी, गुळगुळीत, साडेतीन फुटांहून थोडी जास्त लांब, टोकाला नारळाच्या अर्ध्या कवटीएवढं डोकं. गोल्फच्या काठ्यांमध्ये ही सगळ्यात लांब. हिला ड्रायव्हर म्हणतात.

दिग्रसमध्ये गोल्फ कसा आला, ते सांगायला हवं. काका कापसाच्या एका जिनिंगमध्ये एकतीस वर्षं स्टोअरकीपर होते. तिथल्या शेठजींनी कधीतरी नागपूरला जाऊन दोन महिने गोल्फ शिकण्याचा प्रयत्न केला, कंबर धरली, आणि काठ्यांची पिशवी स्टोअरमध्ये पाठवून दिली. काकांनी ती स्टॉकच्या रजिस्टरात चढवली: "काठ्या, वाकड्या तोंडाच्या, नग चौदा." पुढे बावीस वर्षं दर मार्चमध्ये त्या काठ्या मोजल्या गेल्या आणि दर वर्षी चौदाच भरल्या. जिनिंग बंद झालं तेव्हा शेठजी म्हणाले, ज्याला जे पाहिजे ते न्या. कोणी पंखा नेला, कोणी लोखंडी कपाट नेलं. काकांनी काठ्या आणल्या.

मी विचारलं होतं, "काका, पंखा का नाही आणला?"

"पंखा काय असते ते मले माहीत हाय," ते म्हणाले. "ह्या बावीस वर्षं मोजल्या, भाऊ. पाह्याचं होतं, का ह्या असते कायले."

काकांचं घर बसस्टँडच्या मागच्या गल्लीत. मी तिथे चार वर्षं भाड्याने राहिलो. घर पाहायला गेलो तेव्हा त्यांनी नाव, गाव, पगार यांतलं काहीच विचारलं नाही. विचारलं, "कपाट किती?"

"एक," मी म्हणालो.

"नग नाई विचारला. उंची."

"असेल साडेसहा फूट."

"असेल म्हणजे? दरवाजा सहा फूट चार इंच दोन सूत हाय. असेलवर कपाट आत येत नाई."

मी परत गेलो, कपाट मोजलं आणि फोन केला. सहा फूट चार इंच बरोबर. मग घर मिळालं. सामान आलं त्या दिवशी कपाट आत गेलं आणि वर दोन सुतांची फट राहिली. काका त्या फटीकडे जावयाकडे पाहावं तसे पाहत उभे होते.

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. सुतार, गवंडी, खरादवाले अजून तो वापरतात. बाकीचं जग मिलिमीटरवर गेलं. काका गेले नाहीत. शर्टाच्या ज्या खिशात लोक पेन ठेवतात तिथे त्यांची सहा इंची स्टीलची पट्टी असे. हॉटेलात चहा आला की आधी ग्लासाला पट्टी लागायची. "दोन सूत कमी हाय," असं म्हटलं की हॉटेलवाला न बोलता किटली घेऊन यायचा. गच्चीवरच्या टाकीत त्यांनी इंच आणि सूत आखलेली एक काठी सोडली होती. सकाळी जिन्यातून हाक यायची:

"भाऊ, काल तुमच्याकडं सहा सूत पाणी जास्त गेलं."

बायको आतून सांगायची, "पाहुणे आले होते काका."

"किती?"

"दोघं."

"म्हणजे तीन-तीन सूत. ठीक हाय." आणि ते वर निघून जायचे. भाडं त्यांनी चार वर्षांत एकदाही वाढवलं नाही. पाण्यावरून भांडलेही नाहीत. त्यांना पाणी वाचवायचं नव्हतंच. ते कुठे गेलं हे माहीत असायला हवं होतं.

"मापात राह्य" हे त्यांचं पहिलं वाक्य आणि शेवटचंही. उतू जाणाऱ्या दुधाला, हॉर्न वाजवणाऱ्या पोराला, टीव्हीवरच्या पुढाऱ्याला, सगळ्यांना तेच.

गोल्फ त्यांनी स्वतःच शिकला. मोबाइलवर पाहायचे, वहीत माप उतरवायचे. नाल्याच्या दोन्ही अंगांना त्यांची दोन एकर मुरमाड जमीन होती. कुसळाशिवाय तिथे काही येत नसे. अलीकडे उभं राहून नाल्यापलीकडे बॉल मारायचा, नाला ओलांडून जायचं, बॉल वेचायचे आणि परत यायचं, असा रोज सकाळी सहा ते आठ खेळ. काकू तेव्हा पुण्याला मुलाकडे होत्या, म्हणून हे निभावलं.

अडचण एकच होती. काकांचा ड्रायव्हर साडेपंचेचाळीस इंची. शेठजी सहा फुटाला एक इंच कमी, त्यांच्यासाठी तो ठीक. काका पाच फूट दोन इंच. काठी लांब म्हणजे डोकं दूर. डोकं दूर म्हणजे ते बॉलवर नेमकं मधोमध बसत नाही. बॉल कधी डोक्याच्या टाचेकडे लागतो, कधी टोकाकडे. असा लागला की बॉल वर चढायचा, दोन क्षण सरळ जायचा आणि मग कोणी हाक मारल्यासारखा उजवीकडे वळायचा. उजवीकडे याडीची तूर होती.

याडी म्हणजे बंजारा बोलीत आई. तांड्यात तिला सगळे याडीच म्हणत, आणि तिच्या जिभेच्या धाकानं बाजारातही. वय पासष्टच्या पुढे, चार एकर तूर आणि कापूस, आणि लिहिता-वाचता येत नसल्यामुळे सगळं तोंडपाठ. कोण काय कधी बोललं, कुठे उभं राहून बोललं, हेही. काकांच्या पडीत तुकड्याला रस्ता नव्हता. जायचं तर याडीच्या धुऱ्यावरून, म्हणजे तिच्या शेताच्या बांधावरून.

नोव्हेंबरच्या शेवटी एक दिवस ती तेलाचा रिकामा डबा घेऊन आमच्या फाटकात उभी राहिली. मी ओट्यावर पेपर वाचत होतो.

"बाबू, हे तुमचे अंडे."

काकांनी डबा ओतला आणि बॉल मोजले. "सतरा. माहे एकोणतीस गेले तुरीत."

"बाकीच्यावर कोंबड्या बसल्या."

"काय?"

"खुराड्यात एक ठेवलं का कोंबडी तिथंच अंडं घालते. पांढरं हाय, गोल हाय, फुटत नाई. तुमच्या खेळात तेवढाच गुण हाय."

"मंग तक्रार कायची?"

"तुरीची. शेंगा धरल्या आता. बाया कामाले यायले भेतात, म्हणतात डोक्यात पडीन. धुऱ्यावर काटे टाकीन मी उद्या."

काकांच्या हातात एक बॉल होता, तो त्यांनी उगाच पट्टीनं मोजला. त्या तुकड्याला दुसरी वाट नव्हती आणि त्या खेळाला दुसरा तुकडा नव्हता. एकतीस वर्षं दुसऱ्याचा माल मोजून झाल्यावर त्यांना स्वतःची म्हणावी अशी ही एकच गोष्ट मिळाली होती. दिवसाचे दोन तास. ती धुऱ्यावरच्या एका बाभळीच्या फांदीनं जाणार होती.

"याडी," ते म्हणाले, "काठी लांब हाय. माह्या मापाची नाई. माप बरोबर झालं का एक बॉल तुह्या तुरीत येणार नाई."

"चार महिन्यापासून काठीच लांब हाय! नाचता येईना अन् आंगण वाकडं."

"पैज लाव."

याडीनं डबा खाली ठेवला. पैज म्हटल्यावर ती ओट्यावर बसली. "तीन अंडे मारा. एक तरी नाल्यापार गेलं पाह्यजे, नाई तं हळूच ढकलसान. अन् एकबी माह्या तुरीत आलं नाई पाह्यजे. आलं तं एक पायली तूर, शीग लावून, अन् धुरा बंद. कायमचा."

"अन् नाई आलं तं?"

"तं मेलेपर्यंत खेळा."

"भाऊ, लिहून घ्या," काका मला म्हणाले. मी वहीत शर्ती लिहिल्या, सुटसुटीत, कार्यालयीन भाषेत. बॉल तीन. किमान एक नाल्यापलीकडे. एकही शेतात पडल्यास इत्यादी. दोघांना वाचून दाखवायला हवं होतं. ऑफिसला उशीर होत होता, नाही दाखवलं.

दुसऱ्या दिवसापासून माप काढणं सुरू झालं. काठी किती आखूड करायची? कमी केली तर बॉल सरळ जाईल, हे काकांना पटलेलं होतं. पण फार कमी केली तर जोर घटेल आणि नाला ओलांडणार नाही. नाला उभ्या जागेपासून एकशे तीस पावलांवर. ही पावलं मी मोजली, दोनदा.

काठी एकदम कापायची नाही, असं ठरलं. मूठ खाली-खाली धरून पाहायची. काकांनी काठीवर पांढऱ्या चिकटपट्टीच्या चार खुणा केल्या: साडेपंचेचाळीस, साडेचव्वेचाळीस, साडेत्रेचाळीस, साडेबेचाळीस. मोजण्यावरूनच एक सकाळ गेली. काठी भिंतीला उभी लावून मोजली तर एक लांबी येते, खेळताना टेकते तशी तिरपी ठेवून मोजली तर दुसरी. काकांनी सुताराकडून लाकडाचा तिरपा घोडा करून घेतला आणि मगच पट्टी लावली.

बंद जिनिंगचं मोठं आवार मोकळं पडलं होतं. जुने स्टोअरबाबू म्हणून चौकीदारानं आत सोडलं. मी चुन्यानं तुरीची रेघ मारली आणि नाल्याचीही. प्रत्येक खुणेवर दहा-दहा बॉल. मी वही घेऊन उभा.

साडेपंचेचाळीसवर दहातले सहा चुन्याच्या तुरीत, तीन नाल्यात, एक पार. तो एक मात्र असा गेला, की काका पाच मिनिटं तो पडला तिकडेच पाहत उभे राहिले. साडेचव्वेचाळीसवर चार तुरीत, चार पार. साडेत्रेचाळीसवर तुरीत एक, पार सात. साडेबेचाळीसवर तुरीत एकही नाही, पण पार फक्त दोन. बाकीचे सरळ जाऊन नाल्यात.

"साडेत्रेचाळीस," मी म्हणालो. आकडे स्पष्ट होते. सगळ्यात लांब गेलेला बॉल सगळ्यात लांब काठीचा होता, हे खरं. पण दहाची बेरीज केली तर आखूड काठीच जास्त लांब जात होती, कारण ती मधोमध लागत होती.

काकांनी वही पाहिली. "लांब काठीनं साप मरते, भाऊ, बॉल नाई."

मग मी तो प्रश्न विचारला, जो कोणीही विचारेल. "मूठ दोन इंच खाली धरूनच खेळा ना. कापायची कशाला?"

काका हसले. "आता पाह्यसान." त्यांनी साडेत्रेचाळीसच्या खुणेवर मूठ धरली आणि चौकीदाराला हाक मारली, "ये, पाह्य रे!" चौकीदार येऊन उभा राहिला. काकांनी बॉल मारला. तो उजवीकडे वळून चुन्याच्या तुरीत गेला.

"आता हात पाह्य."

हात खुणेच्या वर सरकले होते. चांगले एक इंच. त्यांनी सरकवले नव्हते, सरकले होते.

"कोणी पाह्यत असलं का मूठ वर जाते," काका म्हणाले. "लांब मारून दाखवाची लालच. याडी तं समोर उभी राह्यणार. काठी नाई कापाची, भाऊ. लालच कापाची हाय."

एवढी मोजून बोललेली गोष्ट मी ऑफिसात कधी ऐकली नव्हती.

त्याच संध्याकाळी बसस्टँडसमोरच्या टपरीवर मात्र घोटाळा झाला. काकांनी मला मोठ्यानं विचारलं, "मंग उद्या ड्रायव्हर कापू ना? दोन इंच." बाजूच्या बाकावर एसटीचे दोन ड्रायव्हर चहा पीत होते. त्यातला एक उठला. "कोणाले कापता हो काका? पुसद गाडी दहा मिनिटं लेट झाली म्हणून कापता का?" काका शांतपणे म्हणाले, "तुमचा नाई. माहा लांब हाय म्हणून." यावर टपरीवर जे हसू झालं त्यात पुसदची गाडी आणखी पाच मिनिटं लेट सुटली.

कापायचं काम उस्तादकडे. खराद, वेल्डिंग, पंक्चर सगळं एकाच शेडमध्ये, आणि हात असा, की बैलगाडीच्या आसापासून शिवणयंत्राच्या सुईपर्यंत काही अडायचं नाही. काकांना त्या दिवशी पेन्शनच्या कामाला यवतमाळला जायचं होतं. "तुम्ही लिहून द्या," ते मला म्हणाले. "तुमचा आकडा चुकत नाई."

मी चिठ्ठी लिहिली. "लांबी ४३.५." खाली सही केली, तारीख घातली. काठी, घोडा आणि चिठ्ठी उस्तादच्या हातात दिली आणि ऑफिसला गेलो.

संध्याकाळी काका आणि मी गेलो तेव्हा काठी तयार होती. उस्तादनं कंप्रेसरची हवा सोडून रबरी मूठ अख्खी काढली होती, कापायच्या जागी पट्टी गुंडाळून बारीक करवतीनं काठी कापली होती, कड घासली होती, मूठ परत चढवली होती. आखूड झाल्यावर डोकं हलकं लागेल म्हणून मागच्या बाजूला शिशाची एक पातळ पट्टीही चिकटवली होती. काम पाहून काकांचे डोळे भरले. त्यांनी काठी घोड्यावर ठेवली आणि पट्टी लावली. मग परत लावली.

"उस्ताद, हे त्रेचाळीस पाच सूत हाय."

"हां. चिट्ठी में वहीच है," उस्ताद म्हणाला. "तेतालीस, पाँच."

"पॉइंट पाच म्हणजे अर्धा," मी म्हणालो. "अर्धा इंच."

"साहब, अर्धा इंच मतलब चार सूत. तो चार लिखते ना. पॉइंट के आगे सूत रहता है."

"कुठे राहतं?"

"पूरे बाजार में."

मी काकांकडे पाहिलं. काकांनी मान हलवली. पूर्ण बाजारात तेच होतं. त्यांच्या स्टॉक रजिस्टरात तेच होतं. टाकीतल्या काठीवर तेच होतं. तीन वर्षं मी त्या घरात राहत होतो आणि माझ्या टेबलावरचा दशांश त्यांच्या सुतात नेऊन टाकला. काठी एक सूत लांब राहिली.

"एक सूत अजून काप," काका म्हणाले.

उस्तादनं हात झटकले. "इतनी पतली चकती नहीं निकलेगी काका. छिलके निकल जाएंगे. काठी गई समझो."

काकांनी काठी खांद्यावर टाकली. माझ्यावर रागावले नाहीत, तेच मला जड गेलं. घरी येताना मी म्हणालो, "काका, एका सुतानं काय फरक पडतो? आपण इंचाइंचानं मोजलं होतं." ते थांबले. "भाऊ, एका सुतानं काही फरक पडत नसता तं त्याले नाव कोणी देलं असतं?" पुढचे तीन दिवस माझ्याशी फक्त टाकीच्या पाण्यापुरतं बोलणं झालं.

आता तो रविवार.

याडी धुऱ्यावर उकिडवी बसली होती, शेजारी बाभळीच्या काट्यांचा भारा तयार. उस्ताद आपलं काम पाहायला आला होता. काकांनी पांढरा शर्ट घातला होता, खिशात पट्टी.

पहिला बॉल सरळ गेला आणि नाल्यात पडला. "डुबलं," याडी म्हणाली.

दुसरा काकांनी मारला तेव्हा आवाजच वेगळा आला. सुपारी एका ठोक्यात फुटावी तसा. बॉल सरळ गेला, नाल्यावरून गेला, पलीकडच्या मुरमावर पडून आणखी वीस पावलं पळाला. उस्ताद ओरडला, "वा रे पाँच सूत!" काकांनी त्याच्याकडे पाहिलं नाही; पण कान लाल झाले.

एक पार झाला होता. आता तिसरा फक्त तुरीत जायला नको होता. पिशवीत आखूड काठ्या होत्याच. एक काढून बॉल दहा पावलं ढकलला असता तरी पैज जिंकली असती. मी पंच, बोलू शकत नव्हतो. पण डोळ्यांनी पिशवीकडे खूण केली.

याडीनं ती खूण पाहिली. "हो बाबू, घ्या लहानी काठी. घ्या. पोरी घेतात तसली."

काकांनी ड्रायव्हरच उचलला. मी त्यांच्या हातांकडे पाहत होतो. हात वर सरकायला बघत होते, पण वर जागाच नव्हती. काठी संपत होती. तरी करंगळी मुठीच्या अगदी टोकावर होती. त्या जास्तीच्या सुतावर. ते मी पाहिलं.

बॉल छान उठला. सरळ चालला. शेवटी जरासा, अगदी जरासा, उजवीकडे कलला, धुऱ्यावर आपटला, उडाला आणि थांबला. कुठे थांबला ते इथून कळेना. चौघेही चालत गेलो, कोणी पळालं नाही.

बॉल धुऱ्याच्या उतारावर होता. हद्द कोणती? याडीनं दोन टोकांचे हद्दीचे दगड दाखवले. उस्तादच्या खिशात सुताची रीळ होती. दोन दगडांमध्ये त्यानं सूत ताणलं. काका मातीत गुडघे टेकून बसले आणि पट्टी काढली. पंच मी होतो, पण पट्टी मागायचं धाडस झालं नाही. बॉलची अलीकडची कड आणि ताणलेलं सूत, यांच्यामध्ये त्यांनी पट्टी धरली. श्वास रोखून पाहिलं. मग डोकं वर केलं.

"सुताच्या पलीकडं. एक सूत."

"छोडो ना काका," उस्ताद म्हणाला. "हवा से भी हो सकता है."

"एक सूत म्हणजे एक सूत," काका उठले, गुडघे झटकले. "याडी, म्या हारलो. भाऊ, लिहा."

मी लिहिलं. याडी काही बोलली नाही. तिनं काट्यांचा भारा ओढून धुऱ्यावर टाकला.

सोमवारी सकाळी सहाला मला जाग आली आणि फाटकाचा आवाज आला नाही. मंगळवारी नाही. बुधवारी काका गच्चीवर टाकीजवळ खुर्ची टाकून बसले होते. टाकीचं झाकण उघडं. "पाणी बरोबर हाय," ते म्हणाले, मी विचारलं नव्हतं. गुरुवारी बायको म्हणाली, "तुम्ही काहीतरी करा. कालपासून त्यांनी आपला एक थेंब मोजलेला नाही."

मी ऑफिसला जाण्याआधी याडीकडे गेलो. वही बरोबर होती. म्हणालो, "याडी, काठी एक सूत लांब राहिली ती माझ्यामुळे. चिठ्ठीत मी चूक केली. बॉल एका सुतानं आत गेला. तूर मी देतो, पण काकांचा धुरा सोड."

ती कोंबड्यांना दाणे टाकत होती. "कशाच्या आत?"

"तुझ्या शेताच्या."

"मी शेत म्हणलं?"

"म्हणजे?"

"मी म्हणलं, माह्या तुरीत आलं नाई पाह्यजे. तुमच्या ओट्यावर बसून म्हणलं, तुम्ही पेपर घडी करत होते. तुरीची पयली ओळ धुऱ्यापासून हातभर आत हाय. अंडं मातीत पडलं. तुरीत कुठं पडलं?" तिनं हात झटकले. "तुम्ही काय लिहिलं?"

मी वही उघडली. "शेतात पडल्यास."

एकोणीस वर्षांत माझ्या अक्षराकडे मी इतका वेळ पाहिलेलं नाही.

"मग त्या दिवशी बोलली का नाहीस?"

"बाबू सोता पट्टी लावून हारले. इतक्या थाटात हारणाऱ्याले मधात कायले टोकाव? म्हणलं, येतीन दुसऱ्या दिवशी भांडाले. आलेच नाई." ती खुराड्याकडे पाहत म्हणाली, "अन् तिथले दोन अंडे लंपास झाले, नवे पाह्यजेत. काढून टाका तो भारा. पण पायली पाह्यजे."

"ते हरलेच नाहीत, तर पायली कशाची?"

"बाबू नाई हारले. ज्यानं चुकीचं लिहिलं तो हारला."

मी वही मिटली. भारा मी स्वतः बाजूला ओढला, हाताला तीन काटे लागले. याडीनं अर्धा भारा तिथेच राहू दिला. संध्याकाळी काकांना काठीसकट घेऊन गेलो तर त्यांनी आधी ती फट मोजली. "अठरा इंच तीन सूत," ते म्हणाले. मग पोट आत घेऊन, अंग तिरपं करून पलीकडे गेले. थोड्या वेळानं सुपारी फुटल्याचा आवाज आला. मी मोजला नाही.

पुढच्या वर्षी माझी पुसदला बदली झाली. सामान निघताना काकांनी कपाटावरची फट शेवटची पाहिली आणि माझ्या हातात कागदाची पुडी दिली. आत काठीचा कापलेला तुकडा होता. काळा, पोकळ, घासून गुळगुळीत केलेला.

"दोन इंच पाह्यजे होता," ते म्हणाले. "एक इंच सात सूत हाय. मापात राह्यजा."

तो तुकडा माझ्या टेबलावर असतो. चिठ्ठीवर आकडा लिहिला की मी आता शेजारी अक्षरातही लिहितो आणि समोरच्याला वाचून दाखवतो.

पैजेचं म्हणाल तर एक पायली तूर, शीग लावून, मी याडीला दिली, त्याच गुरुवारी. डिसेंबरात जुनी तूर गावात दुसऱ्या कोणाकडे शिल्लक नव्हती. म्हणून आधी ती याडीकडूनच विकत घेतली.